निवृत्तांचा आरोग्य विमा : सही करण्याआधी काय विचारायचं?

मैत्रिणींनो, आज ऐकताना हाताशी वही-पेन असू द्या, कारण थोडा हिशेब करायचा आहे. घरात पेन्शनवाले सासू-सासरे किंवा आई-वडील असतील तर त्यांनाही जवळ बोलवा.

सुरुवात माझ्या आत्यापासून करते. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ओळखीतला एक एजंट घरी आला आणि तीन लाखांचा आरोग्य विमा देऊन गेला. "तीन लाखांपर्यंत काळजीच नाही," एवढंच तिच्या लक्षात राहिलं. हप्ता ती न चुकता भरत गेली. चौथ्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन झालं, चार दिवस राहावं लागलं. बिल झालं १,३४,००० रुपये. आम्ही निर्धास्त होतो. आणि डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवरून निरोप आला, "तुम्हाला ६८,४०० भरायचे आहेत."

आतेभावाच्या बायकोनं तिच्या बचत गटातून पन्नास हजारांचं कर्ज उचललं. बाकीचे आत्याच्या खात्यातून गेले. कंपनीनं फसवलं का? नाही. जे कापलं ते सगळं पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कुणी तो कागद वाचला नव्हता. म्हणून आज सांगायची गोष्ट एकच: विम्याचा मोठा आकडा पाहून विमा निवडू नका. आपला दवाखाना कोणता आणि आपल्या खिशातून किती जाणार, हे पाहून निवडा.

आधी हक्काचं पदरात घ्या

खाजगी विम्याकडे वळण्याआधी सरकारी योजनांचं पाहू.

घरात ७० वर्षं पूर्ण झालेलं कुणी आहे का? त्यांच्यासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं आहे. उत्पन्नाची अट नाही. पेन्शन असली तरी चालतं, खाजगी विमा असला तरी चालतं. आधार कार्डावरून वय पाहतात. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र घरात सत्तरीपुढचे दोघं असतील, तर पाच लाख दोघांत मिळून असतात. आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून यात धरले जातात. या वयात कोणताही खाजगी विमा सहसा इतकं देत नाही.

सत्तरीच्या आतले असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डांपुरतीच आहे असं आपण समजायचो. आता पांढरं कार्डही चालतं. या योजनेतही कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात.

घरात माजी सैनिक असतील तर त्यांची ईसीएचएस योजना आहे. ती असलेल्यांना ती आणि वय वंदना यांपैकी एकच निवडावी लागते. कारखान्यात ईएसआय कापला जात होता आणि किमान पाच वर्षं विमा असताना वयोमानानं निवृत्त झाले, अशांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांसाठी ईएसआयचे उपचार पुढे चालू ठेवता येतात. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून गावी परतलेल्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

मग खाजगी विमा कशाला? सरकारी योजना ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आणि योजनेत असलेल्या दवाखान्यांतच चालतात. तुमच्या जवळचा चांगला दवाखाना योजनेत नसेल, तर खाजगी विमा उपयोगी पडतो. पण जवळचा दवाखाना योजनेत असेल आणि पेन्शन तुटपुंजी असेल, तर कर्ज काढून हप्ते भरू नका. तेवढीच रक्कम दरवर्षी ठेवीत टाकली तरी ती आजारपणात कामी येते.

पहिला प्रश्न : आमचा दवाखाना यादीत आहे का?

वहीत तीन नावं लिहा. रात्री-अपरात्री जिथं जाल तो तालुक्याचा दवाखाना, ऑपरेशनला जिथं जाल तो जिल्ह्याचा, आणि फारच वाढलं तर पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, जे तुम्हाला जवळ असेल तिथला. आता त्या दवाखान्यांत जाऊन किंवा फोन करून विचारा, "अमुक कंपनीचं कॅशलेस तुमच्याकडे आजही चालतं का?" एजंटकडच्या छापील यादीवर विसंबू नका. यादी बदलत असते.

कॅशलेस म्हणजे कंपनी परस्पर दवाखान्याला पैसे देते. ते नसेल तर आधी आपण भरायचे आणि मग कागदपत्रं पाठवून परत मागायचे. दीड लाख रुपये एका दिवसात उभे करायचे म्हणजे सावकार किंवा दागिने, हे आपल्याला ठाऊक आहे. कंपनीच्या यादीत दहा हजार दवाखाने असले आणि आपल्या तालुक्यात एकही नसला, तर ती यादी आपल्या काय कामाची?

दुसरा प्रश्न : खोलीभाड्याला मर्यादा आहे का?

आत्याचे पैसे इथंच गेले. वही उघडा.

तिच्या पॉलिसीत लिहिलं होतं, खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे ३,००० रुपये. आम्ही तिला ६,००० रुपयांच्या खोलीत ठेवलं. वाटलं, फार तर वरचे तीन-तीन हजार आपण भरू. पण नियम तसा नाही. खोली दुपटीची घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही निम्मेच पैसे कंपनी देते. बऱ्याच दवाखान्यांत खोली महाग तसे हे दरही महाग असतात, म्हणून ही कपात. औषधं आणि तपासण्यांना ती लागत नाही.

हिशेब असा. खोलीचे चार दिवसांचे २४,००० झाले, त्यातले १२,००० मान्य. डॉक्टर, थिएटर, नर्सिंग मिळून ८०,००० झाले, त्यातले ४०,००० मान्य. औषधं आणि तपासण्या ३०,०००, त्या पूर्ण मान्य. एकूण मान्य रक्कम ८२,०००.

म्हणून शक्यतो खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी बघा. मर्यादा असेल तर ती रक्कम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पॉलिसीला टाचून ठेवा, आणि भरती करताना तेवढ्याच भाड्याची खोली मागा.

तिसरा प्रश्न : आमचा वाटा किती?

८२,००० मान्य झाले, मग तेवढे तरी मिळाले का? नाही. साठीनंतरच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये 'को-पे' असतो. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये ठरलेला हिस्सा आपण भरायचा. आत्याचा होता २० टक्के. ८२,००० चे २० टक्के म्हणजे १६,४००. ते वजा जाऊन कंपनीनं दिले ६५,६००. आपल्याकडून गेले ६८,४००.

हीच आत्या ३,००० च्या खोलीत राहिली असती, आणि बाकीचं बिल तेवढंच धरलं, तरी तिला २४,४०० भरावे लागले असते. एका खोलीपायी ४४,००० रुपये जास्त गेले.

को-पे असलेली पॉलिसी स्वस्त असते, म्हणून ती वाईटच असं नाही. पण ते आधी माहीत हवं, आणि तेवढे पैसे बाजूला हवेत. काही पॉलिसींमध्ये सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरल्यावरच विमा लागू होतो, तेही विचारा. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा असते, ती किती तेही लिहून घ्या.

चौथा प्रश्न : कोणत्या आजाराला किती थांबायचं?

अपघात सोडला तर सहसा पहिले तीस दिवस क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताचे खडे, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांना आणखी थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या बीपी, शुगरसारख्या आजारांनाही थांबावं लागतं. हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. २०२४ पर्यंत आधीच्या आजारांसाठी तो चार वर्षांपर्यंत असायचा. म्हणून गुडघे बसले की विमा काढू, असं करून चालत नाही. कमी थांबायला लावणारी पॉलिसी निवृत्तांसाठी जास्त मोलाची असते.

एजंट कधी म्हणतो, "पासष्टीनंतर विमा मिळतच नाही." १ एप्रिल २०२४ पासून वयाची ती अट उरलेली नाही. कंपनी तब्येत पाहून हप्ता वाढवू शकते, एखाद्याला नाकारूही शकते. पण एका कंपनीनं नाही म्हटलं, तर दुसरीकडे विचारायला हरकत नाही.

फॉर्मवर खरंच लिहा

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "शुगर लिहू नका काकू, हप्ता वाढेल," असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. दवाखान्यात भरती झाल्यावर डॉक्टर विचारतात, शुगर कधीपासून आहे? आपण सहज सांगतो, दहा वर्षं झाली. ते केसपेपरवर येतं, केसपेपर कंपनीकडे जातो आणि क्लेम नाकारला जातो. हप्ते गेले, विमाही गेला. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असा नियम आहे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षणही उरत नाही.

तेव्हा बीपी, शुगर, दमा, जुनं ऑपरेशन, चालू गोळ्या, सगळं लिहा. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. पॉलिसी हातात आली की त्यातला भरलेला फॉर्म वाचा. काही चुकलं असेल तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी पसंत नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात.

हप्ता पेलेल का?

आजचा हप्ता परवडला तरी पंचाहत्तरीत परवडेल का, हे विचारा. वय वाढेल तसा हप्ता वाढतो. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे. जुन्या पावतीशी नवी पावती ताडून पाहा.

हप्त्याची तारीख चुकवू नका. वर्षाच्या हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. ती उलटली की थांबण्याची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची पाळी येऊ शकते. कंपनी आवडली नाही तर विमा मध्येच सोडू नका. नूतनीकरणाच्या आधीच दुसऱ्या कंपनीकडे बदली मागा, म्हणजे थांबून झालेली वर्षं वाया जात नाहीत.

क्लेम अडला तर

कॅशलेसच्या मागणीवर कंपनीनं एका तासात उत्तर द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर फोन करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईला ही कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

आता गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम. ज्यांच्या घरी पॉलिसी आहे त्यांनी ती घेऊन या. गटातली जी मुलगी नीट वाचते तिला चारच गोष्टी शोधायला सांगा: दवाखाना, खोलीभाडं, आपला वाटा, थांबायची वर्षं. त्या एका कागदावर लिहून पॉलिसीला टाचा, आणि तो कागद कुठं ठेवला ते घरातल्या दोघांना तरी सांगा. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस आहे, त्यांनी त्याच आठवड्यात आधार कार्ड घेऊन वय वंदना कार्ड करून घ्या. त्यासाठी आशाताईंना विचारा किंवा १४५५५ वर फोन करा.

आत्या आता सत्तरीपुढे गेली आहे. वय वंदना कार्ड तिच्या पिशवीत असतं. जुना विमा तिनं दुसऱ्या कंपनीकडे बदलून घेतला. सही करण्याआधी त्या एजंटला तिनं समोर बसवलं आणि चष्मा लावून सगळी पानं वाचली. तो म्हणाला, "बाई, एवढं कुणी वाचत नाही." आत्या म्हणाली, "मी छत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. बस जरा."

तुम्हीही बसवा.