तबला काढून टाकलेली तबकडी

भाईंदर पूर्वेला गणपतीच्या आगमनाची मिरवणूक निघाली की बेंजो पार्टीच्या टेम्पोवर एक माणूस हमखास दिसतो. त्याच्यासमोर स्टँडवर आठ रबरी चौकोनांची पाटी असते आणि तो त्यावर काठ्या आपटत असतो. त्यातून कधी ढोलकी निघते, कधी टाळी, कधी काचेचा खळखळाट. या पाटीला आपण सगळे ऑक्टोपॅड म्हणतो. त्या पाटीवर बऱ्याचदा रोलँड असं नाव दिसतं. ही जपानी कंपनी. मुंबईच्या रस्त्यावरच्या आवाजात तिचा केवढा वाटा आहे, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

याच कंपनीची तीन यंत्रं घेऊन 1982 मध्ये मुंबईच्या एका वादकाने एक अल्बम केला. वादकाचं नाव चरणजित सिंग आणि अल्बमचं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्हीने तो काढला, रेडिओवर थोडा वाजला, आणि मग कुणाला त्याची आठवणही राहिली नाही. अठ्ठावीस वर्षांनी एका डच माणसाने तो पुन्हा छापला, तेव्हा युरोपातल्या डीजेंनी डोक्याला हात लावला. ऐकणाऱ्यांपैकी काहींना तर ही थाप वाटली. एफेक्स ट्विनसारख्या एखाद्या खोडकर ब्रिटिश संगीतकाराने जुन्या भारतीय तबकडीचं सोंग आणलं असावं, असा संशय घेतला गेला.

सिंग मात्र अगदी खरे होते आणि मुंबईतच राहत होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांनी उमेदीची वर्षं घातली. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन अशा सगळ्यांकडे ते वाजवत. ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’चं ट्रान्झिकॉर्ड त्यांचं. ट्रान्झिकॉर्ड म्हणजे गळ्यात अडकवायचं, अकॉर्डियनसारखं दिसणारं पण विजेवर चालणारं वाद्य. सिनेमाच्या धुना नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या तबकड्याही त्यांनी काढल्या, लग्नाच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्राही वाजवला. पडद्यावर अशा वादकांची नावं येत नसत, आपल्याला फक्त गाणं पाठ असतं.

1980 च्या ‘कुर्बानी’पासून मुंबईला डिस्कोचा ज्वर चढला होता. नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ 1981 चा, मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ 1982 च्या डिसेंबरातला. सगळीकडे तेच ऐकू येत असताना सिंग यांच्या मनात एक साधा विचार आला : ठेका डिस्कोचाच ठेवायचा, वर राग वाजवायचा आणि तबला काढून टाकायचा. या तिसऱ्या गोष्टीतच सगळी गंमत आहे.

यंत्रं सिंगापूरहून आणलेली, बाजारात नुकतीच आलेली. एक ज्युपिटर-8, हा मोठा सिंथेसायझर. दुसरं टीआर-808, हे ठेका धरणारं यंत्र. तिसरं टीबी-303, चंदेरी प्लॅस्टिकचं, दप्तरात मावेल एवढं, जेमतेम एका सप्तकाच्या बारक्या पट्ट्या असलेलं. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला साथ म्हणून बास गिटार हवी, तर ती या डबीतून मिळेल, असा कंपनीचा मनसुबा होता. तो साफ फसला. डबीतून बास गिटारसारखं काही निघेना, सूर भरणं किचकट, आणि 1984 पर्यंत उत्पादन बंद पडलं.

या डबीत सोळा खाने असतात. प्रत्येक खान्यात एक सूर भरायचा, मग यंत्र तेच सोळा सूर गोल गोल वाजवत राहतं. सुराला हवा तर जोर देता येतो, आणि ‘स्लाइड’ची सोय वापरली तर एक सूर तुटल्याशिवाय दुसऱ्यात घसरतो. मराठी कानाला हे सांगायची गरज नाही, याला आपल्याकडे मींड म्हणतात. जपानी इंजिनिअरच्या डोक्यात बास गिटारवर सरकणारं बोट होतं, सिंग यांना त्यात रागाची वाट दिसली. यंत्रं एकमेकांशी जोडण्याची मिडी नावाची पद्धत अजून बाजारात यायची होती. तरी केबल जोडून 808 आणि 303 एका ठेक्यावर चालवता येत आणि ज्युपिटरलाही त्याच ठेक्याला बांधता येई. खाली दोन यंत्रं आपापली चाललेली, वर माणसाचा हात मोकळा.

आता राग आणि हा ठेका यांचं जमतं कसं? डिस्कोच्या गाण्यात कॉर्ड बदलत राहतात. रागात कॉर्ड नाहीतच. षड्ज पक्का, तानपुरा तेच तेच म्हणत राहतो आणि त्या स्थिर जमिनीवर राग फिरतो. सोळा सूर न थकता घोळवणारी डबी तानपुऱ्याच्या जागी सहज बसली. कुणी म्हणेल, सोळा खाने म्हणजे तीनतालाच्या सोळा मात्रा. तसं नाही. डबीच्या सोळा खान्यांत चार ठोके भरतात, आणि तालातली ‘खाली’ नावाची गोष्टच नसते. तबला निघाला त्याबरोबर समेवर येण्याची हुरहुरही निघाली. ललत, तोडी, भूपाळी, यमन, कलावती, मालकंस, सगळ्यांना एकच चाल. पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच लाल दिव्याखाली नाचतात. शास्त्र जाणणाऱ्यांना हे खटकेल आणि त्यांचं चुकत नाही. पण मेघमल्हार लावून बघा. मला तरी त्यात पाऊस ऐकू येतो, पत्र्यावरचा.

पहिल्याच रागात यंत्राच्या घोगऱ्या आवाजात ‘ओम नमः शिवाय’ येतं. पहिल्यांदा ऐकताना मी हसलो होतो.

इकडे हा अल्बम विस्मरणात गेला आणि तिकडे शिकागोत 303 च्या जुन्या डब्या सेकंडहँड दुकानांत स्वस्तात मिळू लागल्या. फ्युचर नावाच्या तिघांच्या चमूने डबीची बटणं नको तशी पिळली, आवाज चिरकला, कळवळला. त्यातून 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला. तो आवाज कानात घेऊनच युरोपाने 2010 मध्ये सिंग ऐकले. साहजिकच बोभाटा झाला : अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईचा.

माझ्या मते हे खोटं नाही, पण खरंही नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती असा काडीचाही पुरावा नाही. यंत्र एकच, त्याला सापडलेल्या वाटा दोन. त्यांनी डबीला किंचाळायला लावलं, सिंग यांनी तिला गायला लावलं. ‘जनक’ ही पदवी पुनर्प्रकाशनाने चिकटवली, आणि ती चिकटल्यापासून या दहा रागांत राग ऐकणारे थोडेच उरले.

पुनर्प्रकाशन ही नुसती दुसरी आवृत्ती नसते. न्यूयॉर्कच्या सुसाइड या जोडीचंच बघा. अ‍ॅलन व्हेगा गाणार, मार्टिन रेव्ह ऑर्गन आणि ठेक्याचं यंत्र वाजवणार, गिटारचा पत्ता नाही. यंत्रावरचं पंक म्हणतात ते बऱ्याच अंशी इथून सुरू झालं. त्यांचा पहिला अल्बम 1977 च्या अखेरीला आला. 1998 च्या आवृत्तीत दुसरी चकती जोडली, तीत 1978 चा ब्रुसेल्सचा कार्यक्रम आहे. त्यात प्रेक्षकांची हुर्यो आणि दंगा ऐकू येतो. म्हणजे मूळ अल्बमला लोकांनी काय दिलं, तेही अल्बमचा भाग झालं. सिंग यांना हुर्योही मिळाली नाही. आपल्याकडे आवडलं नाही तर लोक ओरडत नाहीत, विकत घेत नाहीत.

एडो बाउमन या डच संग्राहकाला ती एचएमव्हीची तबकडी 2002 मध्ये दिल्लीत सापडली. पुढे तो मुंबईत येऊन सिंग यांना भेटला आणि ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर त्याने ती 2010 मध्ये काढली. एका तबकडीचा मजकूर त्याने दोन तबकड्यांवर पसरला. याला कारण आहे. एका बाजूला पाच राग कोंबले की चर दाटीने कोरावे लागतात, चर अरुंद झाले की खर्ज दबतो. हा अल्बम उभाच आहे खर्जावर. चरांना ऐसपैस जागा मिळाली की 303 छातीत वाजते. कलकत्त्याच्या रूपा बिस्वास यांचा ‘डिस्को जॅझ’ही असाच 1982 मध्ये पडला आणि 2019 मध्ये अमेरिकेत उठला. आपल्या तबकड्या आपल्याला परदेशातून कळतात, हे मला अजून पचत नाही.

सिंग यांना सत्तरीत युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली. तीस वर्षांपूर्वीचे राग त्यांनी नातवंडांच्या वयाच्या पोरांपुढे वाजवले. जुलै 2015 मध्ये मुंबईत ते गेले. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे 2042 संपेपर्यंत या दहा रागांची नवी आवृत्ती काढणाऱ्याला हक्कदाराची परवानगी लागेल.

मागच्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या बेंजोच्या कीबोर्डवाल्याला मी हेडफोनवर कलावती ऐकवला. त्याने डोळे मिटून दोन मिनिटं मान हलवली. म्हणाला, “दादा, हे तर आपलंच आहे. ढोलकी कुठे गेली?”

तुमच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या पडल्या असतील तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा खाली उतरवा. गाणाऱ्याचं नाव ओळखीचं नसेल, कव्हरवर विचित्र इंग्रजी असेल, तर ती आधी वेगळी काढा. आणि एकावर एक आडव्या रचू नका, वाकतात. उभ्या ठेवा.