संत रस्त्यावर येतात तो सोमवार

ईस्टरला दोन आठवडे उरले की कॅथलिक चर्चमधले संत दिसेनासे होतात. वेदीवरच्या आणि भिंतीतल्या कोनाड्यांतल्या मूर्तींवर जांभळे कापड चढते. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारपासून मूर्ती आणि क्रूस झाकण्याची ही जुनी चाल. क्रूसावरचे कापड गुड फ्रायडेला निघते, मूर्तींवरचे ईस्टरच्या रात्रीपर्यंत राहते. पोटाला उपवास असतो, तसा डोळ्यांनाही.

तिसवाडी तालुक्यातले गोवा वेल्हा हे गाव मात्र या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी नेमके उलटे करते. संत आंद्रूच्या चर्चमधून माणसाच्या उंचीच्या मूर्ती बाहेर काढल्या जातात, पालख्यांवर चढतात आणि गावकऱ्यांच्या खांद्यांवरून रस्त्याने फिरतात. पणजी-मडगाव महामार्गालगतच्या या गावात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. ‘संतांची मिरवणूक’ एवढेच म्हटले तरी गोव्यात कुणालाही कळते.

मिरवणुकीत येणारे संत कुठलेही नव्हेत. असिसीच्या फ्रान्सिसने आधी मठवासी पुरुषांचा पंथ काढला, मग क्लाराच्या साथीने मठवासी स्त्रियांचा. आणि घरदार न सोडता त्याच वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रापंचिकांसाठी तिसरा. या तिसऱ्या पंथाची पहिली नियमावली 1221 सालची आहे. गोवा वेल्ह्याची मिरवणूक मुळात या तिसऱ्या पंथाची. म्हणून तिच्यात फ्रान्सचा राजा नववा लुई दिसतो, राणी एलिझाबेथ दिसते, म्हणजे संसारात राहून संतपदाला पोहोचलेली माणसे. ख्रिस्ती समाजाबाहेरच्या प्रेक्षकाला हा तपशील सहसा ठाऊक नसतो, आणि मिरवणुकीची खरी गंमत त्यातच आहे. हा उत्सव पाद्र्यांपेक्षा प्रापंचिकांचा आहे. तो चालवतात तेही तेच.

गावाच्या डोक्यावर पिळारची टेकडी आहे. खाली कधीकाळी कदंबांची राजधानी गोपकपट्टण नांदत होती. टेकडीवर फ्रान्सिस्कन साधूंनी 1613 साली मठ बांधला आणि त्याच शतकात मिरवणूक सुरू झाली. गोव्यात चैन आणि स्वैराचार फार बोकाळला होता, लोकांसमोर चांगले नमुने उभे करावेत म्हणून साधूंनी ही युक्ती काढली, असे सांगतात. 1834 साली पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने साधूंचे सगळे पंथ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी गोव्यातले मठ ओस पडले. पिळारच्या मूर्ती टेकडी उतरून संत आंद्रूच्या चर्चमध्ये आल्या, आणि मिरवणूक थांबली. ती पुन्हा सुरू झाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तोवर बऱ्याच मूर्ती नासून गेल्या होत्या. पूर्वी साठाहून अधिक मूर्ती निघत, आता त्याच्या निम्म्याच्या आसपास निघतात.

रोम सोडले तर जगात अशी मिरवणूक फक्त इथेच निघते, असे गावात अभिमानाने सांगतात आणि वर्तमानपत्रेही दरवर्षी तेच छापतात. ते खरे नाही. पोर्तुगालमधल्या ओव्हार गावात तिसऱ्या पंथाची मिरवणूक उपवासकाळातच निघते, अझोर्स बेटांवरच्या रिबेइरा ग्रांदेतही निघते. उलट यामुळे गोवा वेल्ह्याचे नाते अधिक स्पष्ट होते: अटलांटिकच्या किनाऱ्यावरची एक रीत मांडवी-जुवारीच्या दुआबात येऊन रुजली, आणि ती आणणारे साधू गेल्यावरही गावाने ती सोडली नाही. याचे कौतुक वाटायला रोमच्या दाखल्याची गरज नाही.

मिरवणुकीच्या मूर्तीची घडण कोनाड्यातल्या मूर्तीपेक्षा वेगळी असते. अखंड लाकडातली पुरुषभर मूर्ती खांद्यावर पेलणे कठीण, म्हणून पोर्तुगीज परंपरेत अशा मूर्तीचे डोके आणि हात तेवढे कोरीव असतात. मधले धड म्हणजे पट्ट्यांचा सांगाडा, आणि त्यावर खरे कपडे. साहजिकच सुतार आणि रंगाऱ्याइतकेच काम शिंप्याला असते. झगे बाहेर काढायचे, ऊन द्यायचे, उसवलेली जर टाचायची. बोटे तुटलेली असली तर जोडायची. वर्षभर पेटाऱ्यात राहिलेल्या लाकडाला गोव्याची दमट हवा आणि वाळवी काय करतात, हे सांगायला नको.

पालख्या उचलण्याचा मान कोंफ्रारींचा. कोंफ्रारी म्हणजे चर्चशी जोडलेली सभासदांची मंडळी. पायघोळ झगा आणि त्यावर खांदे झाकणारी आखूड झूल, असा त्यांचा पोशाख. त्याला ओपमूस म्हणतात. चर्चचा खर्च, सणांचे यजमानपद, सभासदाच्या अंत्ययात्रेची व्यवस्था अशी कामे कोंफ्रारी पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. या देखण्या पोशाखाला एक काळी कडही आहे. गोव्यातल्या कित्येक गावांत कोंफ्रारी जातीजातींत वाटलेल्या होत्या, आणि कुणी कोणत्या रंगाची झूल घालायची यावरून धर्मांतरानंतरही जुनी उतरंड ओळखू येई. यावरून भांडणे झाली आणि काही ठिकाणी ती अजून पुरती मिटलेली नाहीत.

मिरवणूक परतली की मूर्ती लोकांना जवळून पाहता याव्यात म्हणून चर्चमध्ये मांडून ठेवतात. बाहेर जत्रा भरलेली असते: खाजे, चणे, मातीची भांडी, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी हातपंखे.

गोवा वेल्ह्याचा सोमवार हा दीड महिन्याच्या एका लांबलचक तयारीतला एक दिवस. या उपवासकाळाला कोकणीत कोरेज्म म्हणतात. इंत्रुजाचा, म्हणजे कार्निव्हलचा, धुरळा बसला की बुधवारी कपाळावर राख लागते. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. मग लग्ने थांबतात, वेदीवरची फुले जातात, आलेलुया गाणे बंद होते. शुक्रवारी मांस वर्ज्य. मासळी मात्र चालते. बांगडा आणि कोळंबीच्या प्रदेशात याला त्याग म्हणावे का, हा प्रश्न गोंयकार स्वतःच हसत विचारतो. खरे कडक उपवास दोनच, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसाने त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे. गुड फ्रायडेला बऱ्याच घरांत पेज आणि लोणच्यावर भागते.

कोरेज्मातल्या रविवारी अनेक मोठ्या चर्चमध्ये ‘सांतुस पास’ होतात. येशूच्या यातनांतला एकेक प्रसंग पडद्याआड मांडायचा: बागेतली व्याकूळ प्रार्थना, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस खांद्यावर घेतलेला येशू. समोर प्रवचन चालू असते. ते रंगात येऊन शिगेला पोहोचले की पडदा सरकतो आणि मूर्ती दिसते. प्रवचनकाराची खरी परीक्षा त्या क्षणी होते. आधीच्या तासाभरात गर्दीला त्याने कितपत धरून ठेवले, ते पडदा सरकताच कळते.

पडदा उघडल्यावर मोतेत नावाची गाणी सुरू होतात, आणि गोव्याच्या कोरेज्मातली सर्वांत मौल्यवान चीज हीच. शब्द लॅटिन, बहुतेक बायबलमधले. चाल मात्र गावातल्याच कुणा मेस्ताने, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकाने, बांधलेली. दोन-तीन आवाज, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि खर्ज धरणारे धिप्पाड रबेकांव. वह्यांवर रचनाकाराचे नाव बहुधा नसतेच. एका गावची वही दुसऱ्या गावाला सहजासहजी मिळत नसे. असे मेस्त घडले ते चर्चच्या शाळांमधून. तिथे मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फ, म्हणजे स्वरलिपी वाचणे, फुकट शिकवत. त्या शिक्षणाची फळे मुंबईनेही चाखली आहेत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चमधल्या मेस्ताचे चिरंजीव. ते हिंदी चित्रपटसंगीतात नामांकित व्हायोलिनवादक आणि संयोजक झाले आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातले नाव त्यांच्यावरूनच आलेले. सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजकही याच गोव्याचे. या शाळा आज क्षीण झाल्या आहेत. मोतेत म्हणणारे वयस्कर झाले, लॅटिन कळणारे त्याहून कमी. जुन्या वह्या गोळा करून त्यांच्या प्रती काढणे, हे काम मूर्तींना नवे झगे शिवण्यापेक्षा निकडीचे आहे.

गोवा वेल्ह्याच्या सोमवारनंतरचा रविवार झावळ्यांचा. माडाच्या पात्या सोलून त्यांचे लहान लहान क्रूस विणतात आणि ते घराच्या दारावर वर्षभर राहतात. पवित्र गुरुवारी याजक बारा जणांचे पाय धुतो. 2016 पासून या बारांत स्त्रियाही बसू शकतात. त्या संध्याकाळी घंटा शेवटची वाजते आणि ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुकी होते. तिची जागा घेते मात्राक: लाकडी फळी आणि तिच्यावर आपटणारी लोखंडी कडी. आवाज कोरडा, कर्कश आणि हवा तसाच. गुड फ्रायडेला काही चर्चमध्ये खांद्यांत बिजागऱ्या बसवलेली येशूची मूर्ती क्रूसावरून उतरवून हात मिटवून शवपेटीत ठेवतात. मग पेटीची मिरवणूक निघते: मागे काळ्या वस्त्रातली माता मारिया, पुढे मात्राक.

वसईत हाच काळ मराठीतून जातो. तिथे शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ चालतात, चौदा मुक्कामांची. चौदा हा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी 1731 साली पक्का केला, पण ही भक्ती घरोघर पोहोचवली ती फ्रान्सिस्कनांनीच, म्हणजे पिळारच्या साधूंच्याच पंथबांधवांनी. आणि मराठीचा धागा गोव्यातही जुनाच आहे. येशूची जीवनकथा ओवीत सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले ते साष्टीतल्या रायतूरला, आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना वाचून दाखवले जाई.

तारीख काढायची तर आकाशाकडे पाहावे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपाठोपाठचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो कधी होळीला खेटून येतो, कधी हनुमान जयंतीला. 2024 साली होळीनंतरच्याच रविवारी आला होता, 2026 साली हनुमान जयंती पवित्र गुरुवारी पडली. गोवा वेल्ह्याची मिरवणूक ईस्टरच्या तेरा दिवस आधी. 2027 साली ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे मिरवणूक 15 मार्चला. जाणाऱ्याने दुपारीच पोहोचावे, गाडी गावाबाहेर ठेवावी, आणि फोन उंचावून पालखीच्या वाटेत उभे राहू नये; खांदेकऱ्यांना पायाखालचे दिसत नाही.