तेराव्यानंतर सुरू होतात तारखा

मैत्रिणींनो, माणूस आजाराने गेलं तर तेराव्यानंतर घर हळूहळू सावरतं. पण घरातल्या कुणाचा खून झाला असेल, तर तिथून पुढेच खरी ओढाताण असते. आज जबाब, उद्या तारीख. धड रडायलाही सवड नाही.

अशा घराने एफआयआरची प्रत मागून घ्यावी, ती फुकट मिळते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तसं लिहिलंय. आरोपी कोठडीत असताना ९० दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात गेलं नाही, तर त्याला जामीन मागता येतो. जामीन झाला की घरच्यांना वाटतं, सुटला, संपलं सगळं! तसं नाही बायांनो, खटला चालूच राहतो. त्याने धमकावलं तर मात्र लगेच लेखी तक्रार द्या.

खटला सरकार चालवतं, सरकारी वकिलाला फी नसते. कोर्टाच्या परवानगीने आपला वकील त्याच्या मदतीला देता येतो. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून तिला वकील मोफत मिळतो. फोन १५१००. गटाचं कर्ज काढण्याआधी तिथे विचारा. नुकसानभरपाईची चौकशीही तिथेच होते.

आणि आपण? "कसं झालं गं?" असं खोदून विचारू नये. ते तिला कोर्टात सांगायचंच आहे. तारखेला एकीने सोबत जावं, दुसरीने तिच्या शेळ्या बघाव्यात. हप्ता थकला तर बैठकीत सगळ्यांदेखत तिचं नाव घेऊ नये.