दगडी जोत्यावरचे घर

चिंचवडगावात, पवनेच्या काठी मोरया गोसावींच्या समाधीमंदिराच्या परिसरात, उंच इमारतींच्या गर्दीत एखादे काळ्या दगडाचे जोते अजूनही दृष्टीस पडते. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे कारखाने वाढले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गावांचे शहर झाले आणि गावठाणातील वाडे एकेक करून उतरले.

या घरांची रचना विचारपूर्वक होती. जमिनीतील ओल वर चढू नये म्हणून जोते घडीव काळ्या पाषाणाचे. त्यावर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि घाणीत मळलेला चुना. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा तीच ओल आत कोंडतो. जुन्या भिंतीला सिमेंट लावून केलेली डागडुजी पुष्कळदा घराच्या मुळावर येते, ती यामुळेच.

व्यापारी कुटुंबांनाही ही रचना सोयीची होती. रस्त्याकडे दुकान, मागे ओसरी, चौक, माजघर. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनास चौकातला उजेड पुरे.

आज अशा घराचे वारस चार ठिकाणी असतात. प्रत्येकाचा हिस्सा लहान, दुरुस्तीचा खर्च मोठा, म्हणून पाडणे हाच सोपा मार्ग वाटतो. स्कॉटलंडमध्ये फाइफच्या समुद्रकाठच्या गावांतील दगडी घरांवर हीच वेळ आली होती. तेथील नॅशनल ट्रस्टने १९६० मध्ये एक योजना आखली : पडके घर विकत घ्यावे, दुरुस्त करावे, मूळ रूप न बदलण्याच्या अटीवर विकावे आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यावे. देणगी एकदाच खर्चून संपली नाही. भांडवलासारखी फिरत राहिली.

व्यापारी समाजाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. चिंचवडमध्येच चापेकर बंधूंचा वाडा लोकांच्या प्रयत्नांतून स्मारकरूपाने उभा आहे. प्रत्येक वाडा स्मारक होणार नाही, आणि काही घरे खरोखरच धोकादायक झालेली असतात. तरीही विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वी चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून घर एकदा तपासून घ्यावे, सर्व भावंडांनी एकत्र बसून दुरुस्तीचा खर्च मांडावा. पाडण्याचा निर्णय नंतरही घेता येतो. पाडलेले जोते मात्र परत येत नाही.