सायकलीचा दिवा : कोणता व कां?

दिवेलागण होऊन तास उलटला आणि शिकवणीस गेलेलीं मुलें परतलीं नाहींत, कीं घरांतील वडील मंडळींचे डोळे दाराकडे लागतात. रेणापूर हें लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरील तालुक्याचें गांव. रस्त्यावर मोटारींची वर्दळ. त्यांत गाळपाच्या हंगामांत रेणा सहकारी साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या वाहनांची भर. अशा ठिकाणीं सायकलीसाठीं दिवा घेतांना बहुधा "उजेड किती पडतो?" एवढेंच विचारलें जातें. आमच्या मतें पहिला प्रश्न निराळा असावा : "या दिव्यामुळें आपलें मूल दुसऱ्यास दिसेल काय?"

ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारें वाहन एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर कापतें. चालकास कांहीं दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यांतच २५ मीटर संपतात. समोरचें वाहन स्वारास निदान दिसतें. मागचें दिसत नाहीं. म्हणून पैसे बेताचे असतील तर आधीं मागचा तांबडा दिवा चांगला घ्यावा. तो दप्तराखालीं वा पिशवीआड झांकला जाऊं नये. पेडलांवर व चाकांवर परावर्तक अवश्य असावे. त्यांस वीज लागत नाहीं. परंतु त्यांवर दुसऱ्याचा उजेड पडेल तेव्हांच ते चमकतात, हें विसरूं नये.

पुढच्या दिव्यासाठीं पेठेंतील उजेडाच्या रस्त्यावर शंभर-दोनशें लुमेन पुरतात. गांवाबाहेर अंधारांत खड्डे दिसावयाचे तर तीन-चारशें हवेत. दिव्याचें तोंड किंचित् खालीं असावें. समोरच्याचे डोळे दिपविणारा उजेड आपलेंही रक्षण करीत नाहीं. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो खरा, पण अंतराचा अंदाज स्थिर दिव्यावरून बरा येतो. पुढचा तरी स्थिरच ठेवावा.

पूर्वीं टायरला घासून फिरणारा डायनॅमो असे. पाय थांबले कीं दिवा मालवे, आणि चौकांत उभा असलेला स्वार नेमका त्याच वेळीं अंधारांत जाई. एलईडी दिव्यानें ती अडचण दूर केली. ज्या निळ्या एलईडीमुळें पांढरा प्रकाश स्वस्तांत साधला, तिच्या संशोधकांस २०१४ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हल्लींचे दिवे मोबाईलच्या चार्जरवर भरतां येतात. पावसाळ्यासाठीं 'आयपीएक्स ४' किंवा त्याहून वरचा दर्जा पाहून घ्यावा. असा दिवा सर्व बाजूंनीं उडणारें पाणी सोसतो.

मोठ्या कुटुंबांत सायकल एक व चालविणारे चार असतात. तेव्हां दिवा भरून ठेवणें हें सर्वांचें काम झालें, म्हणजे तें कोणाचेंच रहात नाहीं. परत येईल त्यानेंच दिवा काढून ठरल्या जागीं चार्जिंगला लावावा, असा घरांत नियम असावा. दुकानांतील उजेडांत दिव्याची पारख होत नाहीं. रात्रीं एकानें दप्तर पाठीस लावून सायकलीवर बसावें आणि दुसऱ्यानें शंभर पावलें मागें जाऊन पहावें.

आषाढांतील दिव्यांच्या अवसेस समई, निरांजन घासून पुसून पाटावर मांडण्याची आपली रीत आहे. त्याच पाटावर सायकलीचे दिवेही पुसून, पेटवून ठेवावेत. ऐन पावसाळ्यांत त्यांची तपासणी आपोआप होईल.