परिचारिकेची पाळी : आठ तासांची कीं बारा तासांची ?

शालान्त परीक्षेनंतर परिचारिकेचें शिक्षण घ्यावें असें ज्या मुलींच्या मनांत असतें, त्यांचे पालक वेतनाची व वसतिगृहाची चौकशी अगत्यानें करितात. पाळी किती तासांची, हें मात्र क्वचितच कोणी विचारतें. वस्तुतः त्या मुलीची झोंप, तिचें घर आणि तिच्या हातीं सोंपविलेल्या रोग्याचा जीव हीं तिन्ही या एका गोष्टीवर अवलंबून असतात. म्हणून तिचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुग्णालयास रात्रीं कुलूप लावितां येत नाहीं. चोवीस तासांचे आठ आठ तासांचे तीन भाग पाडावे, नाहीं तर बारा बारा तासांचे दोन. माणसें थोडीं असलीं कीं दुसरा मार्ग सहज पत्करला जातो, आणि आपल्या देशांत तीं फारच थोडीं होतीं. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालांत ४३,००० लोकांमागें एक परिचारिका असें प्रमाण दिलें आहे. मिरजेस डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं उघडलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांनीं परिचारिका तयार करून ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली. आजहि महाराष्ट्रांतील पुष्कळ रुग्णालयांत दिवसाच्या दोन पाळ्या सहा-सात तासांच्या, तर रात्रीची एकच सलग बारा तासांची, अशी मिश्र रीत आढळते.

लांब पाळीस पुष्कळ परिचारिकाच अनुकूल असतात, आणि त्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. आठवड्याचे ४८ तास धरले तर आठ तासांच्या सहा पाळ्या होतात, बारा तासांच्या चारच. लांज्याहून किंवा संगमेश्वराहून एस. टी. नें रत्नागिरीस येणाऱ्या बाईच्या दोन फेऱ्या वांचणें ही लहान गोष्ट नव्हे. कोंकणच्या पावसांत तर नव्हेच. शिवाय रोग्याचा कार्यभार दिवसांतून तीनदां सोंपविण्याऐवजीं दोनदांच सोंपवावा लागतो. कोणतें औषध दिलें, कोणतें राहिलें, हें एकीच्या तोंडून दुसरीच्या कानीं जातांना मध्येंच गळण्याची भीति असते.

पण शरीर हिशेब निराळा मांडतें. पहांटे चारच्या सुमारास देहाची उष्णता अत्यंत कमी होते व सावधपणाहि उतरतो. रात्रीं आठ वाजतां कामावर आलेल्या परिचारिकेचा तो नववा तास. त्याच वेळीं सुईंत औषध मोजून भरावयाचें असतें. अमेरिकेंत ३९३ परिचारिकांनीं आपल्या कामाच्या नोंदी ठेविल्या होत्या. त्यांवरून २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, काम साडेबारा तास किंवा अधिक लांबलें तेथें चुकीचा संभव तिप्पट आढळला. खरी मेख येथें आहे. पाळी ठरल्या वेळीं संपतेच असें नाहीं. आठ तासांची तासभर लांबली तर नऊ होतात. बारांची लांबली तर तेरा!

१९७७ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें परिचारिकांविषयीं एक शिफारस मान्य केली. तींत रोजचें काम सामान्यतः आठ तासांहून अधिक नसावें, जादा काम धरूनहि बारा तासांपलीकडे जाऊं नये, आणि दोन पाळ्यांमध्यें निदान बारा तासांची विश्रांति असावी, असें सुचविलें आहे.

आमच्या मतें, बदली वेळेवर येत असेल आणि रोगी बेताचे असतील, तर दिवसाची पाळी लांब ठेवण्यास फारशी हरकत नाहीं. आंखूड हवी ती रात्रीची. आणि आपल्याकडे नेमकी तीच लांब! ज्यांना ही रीत बदलणें शक्य नाहीं, त्यांनीं नेमणूक स्वीकारण्यापूर्वीं निदान एवढें तरी विचारावें : सलग किती रात्री लावितात, एका रात्रीं एकीकडे किती खाटा असतात, आणि सकाळची बाई आली नाहीं तर रात्रीच्या बाईस थांबवून ठेवितात काय.