सीमाभागातील पुस्तक आणि दुकानाची फळी

बेळगाव-निपाणीकडील लेखक पदरमोड करून पुस्तक छापतो आणि त्याची खरी विवंचना त्यानंतरच सुरू होते. गठ्ठे माजघरात पडून राहतात. (आप्तेष्टांना फुकट वाटलेल्या प्रती वाचल्या जातात, असा आमचा तरी अनुभव नाही!) ग्रंथविक्रेत्याला दोष देऊन भागणार नाही, एकाच पुस्तकासाठी स्वतंत्र खाते ठेवणे त्याला परवडत नाही. तो बहुधा ३० ते ४० टक्के कमिशन मागतो, तेही न खपल्यास परतीच्या बोलीवर. लेखकाने किंमत ठरवितानाच ते धरावे, पाचच प्रती द्याव्यात, पोच घ्यावी आणि हिशेबाची तारीख लिहून घ्यावी. भिडेपोटी तोंडी व्यवहार करणारेच पुढे दुकानाच्या पायऱ्या झिजवतात.

कडोली, उचगाव या गावांनी आपापली साहित्यसंमेलने नेटाने भरविली; निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा तेथे लेखणीचा दुष्काळ नाही. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, आणि पुण्या-मुंबईची बाजारपेठ परराज्यातील ठरली. गोवा मात्र चोर्ला घाट उतरला की लागतो. येथील विक्रेत्यांनी या पुस्तकांना फळीवर पाच प्रतींपुरती जागा द्यावी, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.